रबाळ्यातल्या ६४ माणसांच्या कंपनीत एचआर सॉफ्टवेअर आणि मेडिक्लेम कसं बसवलं, आणि खरंतर कुठल्या क्रमाने बसवायला हवं होतं

पावसाळ्यातली गोष्ट. रात्री पावणेअकराला फोन वाजला. आमच्या सीएनसीवरचा एक ऑपरेटर, घणसोलीला राहतो, बायकोला डेंग्यू झालेला, प्लेटलेट्स खाली गेलेल्या आणि ॲडमिशन काउंटरवर मेडिक्लेमचं ई-कार्ड मागत होते. "मॅडम त्या ॲपमधे लॉगिनच होत नाहीये, ऑफिसचा ईमेल टाका म्हणतंय, मला कुठाय ऑफिसचा ईमेल?"

खरंच नव्हता. आमच्या ६४ माणसांपैकी ऑफिसचा ईमेल होता २३ जणांना, बाकी ४१ जण शॉप फ्लोअर, स्टोअर, ड्रायव्हर. आणि तीन महिन्यांपूर्वी मीच पेढे वाटून लाँच केलेलं ते ॲप या ४१ जणांना उघडतच नव्हतं, कुणी बोललं पण नाही कारण कुणाला तोवर गरज पडली नव्हती. त्या रात्री मी माझ्या लॅपटॉपवरून कार्ड शोधून व्हॉट्सॲप केलं, ॲडमिशन झाली, बाई चार दिवसांनी घरी आल्या. पण मला झोप लागली नाही.

त्यानंतर सगळं परत पहिल्यापासून केलं. ठाणे-बेलापूर पट्ट्यात किंवा वागळे इस्टेटमधे ४०-१०० माणसांच्या कंपनीत जे कुणी एकटे एचआर, ॲडमिन आणि वर कॅन्टीनचं टेंडर पण सांभाळतात, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मोठ्या आयटी कंपनीवाल्यांना यातलं बरंचसं पोरकट वाटेल, चालेल.

सॉफ्टवेअरच्या डेमोला बसायच्या आधी एक शीट

सेल्सवाला येतो, स्क्रीनवर रंगीत गोल फिरतात, साहेब खूष होतात आणि दोन आठवड्यांत लाइव्ह करू असं ठरतं. तिथेच थांबा. आधी एक साधी एक्सेल शीट काढा आणि प्रत्येक माणसाचं नाव चार वेळा लिहा: आधारवर जसं आहे तसं, पॅनवर जसं आहे तसं, यूएएनला (पीएफचा कायमचा नंबर) जसं आहे तसं, बँकेत जसं आहे तसं. कॉपी-पेस्ट नाही, कागद समोर ठेवून. मग जन्मतारीख, पीएफ नॉमिनी, मोबाईल नंबर आणि हो, तो नंबर आधारला लिंक आहे का ते पण.

आमच्याकडे ६४ पैकी १९ जणांचं काही ना काही जुळत नव्हतं. आपल्याकडे हे होणारच. ज्ञानेश्वर हे एकच नाव इंग्रजीत कुणी डी-एन नी सुरू करतं कुणी जी-वाय नी, आधार काढणाऱ्या पोराने त्या दिवशी जे टाईप केलं ते जन्मभर. बायकांचं तर विचारूच नका, पॅन माहेरच्या नावाने, आधार सासरच्या, मधलं नाव एकीकडे वडिलांचं एकीकडे नवऱ्याचं, आणि बँकेत मधलं नावच नाही. जन्मतारखेचं आपल्याकडचं स्पेशल म्हणजे १ जून, शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली तारीख. आमच्या स्टोअरच्या मामांची आधारवर १ जून आणि पीएफला आईने सांगितलेली खरी तारीख, आणि गंमत म्हणजे दुरुस्त करायची कुठली तर खरीच, कारण सिस्टीमला आधार लागतो.

हे सगळं आधी का, तर सॉफ्टवेअर ही चूक सुधारत नाही, ती फक्त जास्त वेगाने पुढे पसरवतं. नाव जुळलं नाही की पीएफचा क्लेम अडकतो, मेडिक्लेम कार्डावर वेगळं नाव आलं की टीपीए (इन्शुरन्स कंपनीसाठी क्लेम तपासणारा) प्रश्न विचारत बसतो, आणि ते प्रश्न माणूस स्ट्रेचरवर असताना येतात.

दुरुस्ती आता पूर्वीइतकी कटकटीची राहिली नाही. ज्यांचा यूएएन १ ऑक्टोबर २०१७ नंतरचा आणि आधारशी जुळलेला आहे त्यांना नाव, जन्मतारीख वगैरे स्वतःच पोर्टलवर बदलता येतं, कंपनीच्या सहीची वाट बघावी लागत नाही, जानेवारी २०२५ पासून ही सोय आहे. त्याआधीच्या जुन्या लोकांचं कंपनीमार्फत जॉइंट डिक्लेरेशन (माणूस आणि कंपनी दोघांचा दुरुस्तीचा अर्ज) करायचं. नवीन माणूस घेताना मात्र ऑगस्ट २०२५ पासून यूएएन उमंग ॲपवर चेहरा दाखवूनच निघतो, म्हणजे जॉइनिंगच्या दिवशी त्याचा आधारला लिंक असलेला नंबर चालू पाहिजे. मी आता ऑफर लेटरसोबतच मेसेज पाठवते, "येताना आधारला जोडलेलं सिम असलेला फोन आणा". अर्धी डोकेदुखी तिथेच जाते.

ई-नॉमिनेशन याच वेळी करून घ्या. अविवाहित असताना आईचं नाव टाकलेलं, लग्न झालं, दोन पोरं झाली, नॉमिनेशन तेच. लग्नानंतर नवीन भरावं लागतं हे ९० टक्के पोरांना माहीतच नसतं (टक्का माझा अंदाजाचा, पण आमच्या शॉपमधे तरी खरा). पीएफसोबत ईडीएलआय नावाचा विमा असतो, नोकरीत असताना माणूस गेला तर घरच्यांना ७ लाखांपर्यंत मिळतात, त्याचे पैसे कंपनीच भरते. हे मी कॅन्टीनमधे सांगितलं तेव्हा आधी कुणाचा विश्वास बसला नाही आणि मग दुसऱ्या दिवशी नॉमिनेशन भरायला लाइन लागली.

या शीटला आम्हाला दीड महिना लागला. तुम्हालाही लागेल.

कायद्याने जे द्यायचंच आहे ते आधी नीट समजावून सांगा

बेनिफिट म्हटलं की लोकांना जिम आणि झुम्बा आठवतं. पण तुमच्या माणसाचा सगळ्यात मोठा बेनिफिट पगाराच्या स्लिपमधे आधीच आहे, फक्त त्याला तो कापला गेलेला पैसा वाटतो.

पीएफचं एक उदाहरण बोर्डावर लिहून दाखवा. बेसिक आणि डीए मिळून १५,००० असेल तर माणसाचे १,८०० कापतात, कंपनीचे १,८०० पडतात, त्यातले १,२५० पेन्शनला आणि ५५० पीएफला. हे १,२५० पासबुकात व्याजासकट वाढताना दिसत नाहीत म्हणून दर सहा महिन्यांनी कुणीतरी येऊन "मॅडम कंपनी माझा पीएफ खाते" म्हणतं. एकदा फळ्यावर लिहिलं की हा संशय संपतो.

ईएसआयसीला (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) कापतात ०.७५ टक्के, कंपनी भरते ३.२५ टक्के, ग्रॉस २१,००० पर्यंत. आता इथे सगळ्यात जास्त घोळ होतो तो इन्क्रिमेंटच्या वेळी. समजा मे महिन्यात माणूस २०,६०० वरून २१,८०० वर गेला. बरेच जण लगेच त्याची कपात बंद करतात, ते चूक आहे. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे दोन वर्गणीचे काळ असतात, मधेच लिमिट ओलांडली तरी तो काळ संपेपर्यंत वर्गणी चालू ठेवायची. म्हणजे याची सप्टेंबरपर्यंत. आणि एप्रिल-सप्टेंबरच्या वर्गणीवर फायदा मिळतो पुढच्या जानेवारी ते जूनमधे, म्हणजे तो माणूस पुढच्या जूनपर्यंत कव्हर्ड आहे. आमच्या एका पॅकिंगच्या ताईंनी "माझं ईएसआय बंद झालं" म्हणून नवऱ्याचं हर्नियाचं ऑपरेशन पुढे ढकललं होतं, कार्ड चालू होतं! वाशीचं किंवा वागळे इस्टेटचं ईएसआय हॉस्पिटल, तिथे गर्दी असते, वेळ लागतो, मान्य, पण हक्क आहे तर माहीत तरी पाहिजे. अजून एक, ओव्हरटाइमचे पैसे २१,००० च्या लिमिटमधे मोजत नाहीत पण जुन्या ईएसआय कायद्यात वर्गणी मात्र त्यावरही कापायची होती. हे सॉफ्टवेअरच्या सेटिंगमधे हमखास उलटं झालेलं असतं, तपासा.

बाकीचं पटकन. प्रोफेशनल टॅक्स १०,००० च्या वर महिना २००, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. बायकांना २५,००० पर्यंत शून्य, एप्रिल २०२३ पासून. लेबर वेल्फेअर फंड जून आणि डिसेंबरमधे, माणसाचे २५, कंपनीचे ७५. बाहेरच्या राज्यातल्या सॉफ्टवेअर कंपनीच्या डेमोत हे दोन हमखास चुकतात.

आणि नवीन लेबर कोड. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही लागू झाले, त्यात आपल्या कामाचं म्हणजे "वेतन" कशाला म्हणायचं याची व्याख्या. भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग परत वेतनात धरायचा. ४०,००० च्या माणसाचं बेसिक १४,००० ठेवून बाकी २६,००० भत्त्यांत दाखवले असतील तर त्यातले ६,००० वेतनात येतात, वेतन झालं २०,०००. दहा वर्षांच्या ग्रॅच्युइटीला हाच फरक केवढा बघा, १४,००० ला १५ भागिले २६ गुणिले १० म्हणजे साधारण ८०,७६९ आणि २०,००० ला १,१५,३८५. साहेबांना हा आकडा मार्चएंडला नाही, आजच सांगा, तेव्हा सांगितला तर तुमच्यावरच येतं. शिवाय माणूस सोडून गेला की राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा, म्हणजे "फुल अँड फायनल ४५ दिवसांत" हे जे आपण लेटरमधे छापतो ते काढून टाकायची वेळ आली.

मेडिक्लेम

आता खरं काम. ग्रुप पॉलिसी घेताना सगळे प्रीमियमवर भांडतात आणि अटी न वाचता सही करतात. मीपण पहिल्या वर्षी तेच केलं.

पहिली अट रूम रेंटची. ३ लाखांचं कव्हर आणि रूमला १ टक्का, म्हणजे दिवसाला ३,०००. माणसाने ६,००० ची रूम घेतली तर त्याला वाटतं वरचे ३,००० आपण भरू, संपलं. संपत नाही. रूम दुप्पट घेतली म्हणून डॉक्टरची व्हिजिट, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हे सगळं पण त्याच प्रमाणात निम्मं मंजूर होतं. लाखाच्या बिलात चाळीस-पंचेचाळीस हजार खिशातून जाऊ शकतात आणि शिव्या एचआरला. त्यामुळे एकतर रूम रेंटची कॅप नसलेली पॉलिसी मागा, किंवा कॅप असेल तर तो आकडा कार्डाच्या मागे पेनने लिहून द्या: "रूम ३,००० च्या आतली घ्या". आम्ही पहिल्या वर्षी हे पेननेच केलं, ६४ कार्डं, एक दुपार.

दुसरं, जुने आजार पहिल्या दिवसापासून कव्हर आहेत का, ३० दिवसांचा वेटिंग पिरियड माफ आहे का, बाळंतपणाला नऊ महिन्यांची अट काढलीये का, आणि बाळ पहिल्या दिवसापासून धरलंय का. ग्रुप पॉलिसीत या गोष्टी मिळतात, पण मागितल्या तर.

तिसरं, आई-वडील. प्रीमियम इथेच फुगतो. आम्ही आई-वडील ऐच्छिक ठेवले, प्रीमियम निम्मा कंपनीचा निम्मा माणसाचा, पगारातून दहा हप्त्यांत, २७ जणांनी घेतलं. सासू-सासरे की आई-वडील यावरून एका लग्न झालेल्या मुलीने प्रश्न विचारला आणि तो प्रश्न रास्त होता, मग तिला दोन्हीपैकी एक जोडी निवडायचा पर्याय लिहून घेतला. आधी पॉलिसीत फक्त "पालक" होतं.

चौथं, आणि हे कुणी करत नाही: हॉस्पिटलची नेटवर्क लिस्ट कंपनीच्या पत्त्याने बघू नका, माणसं राहतात तिथल्या पत्त्याने बघा. आमचं ऑफिस रबाळ्याला पण माणसं दिवा, कळवा, डोंबिवली, बदलापूर, कोपरखैरणे, उलव्याला. रात्री दोनला छातीत दुखलं तर दिव्याचा माणूस रबाळ्याला येणार नाही. मी मास्टर शीटमधला पिनकोडचा कॉलम वेगळा काढला आणि ब्रोकरला सांगितलं प्रत्येक पिनकोडसमोर कॅशलेस चालणारी दोन हॉस्पिटलं लिहून दे. तीन पिनकोडना एकही नव्हतं. त्यावरूनच आम्ही इन्शुरन्स कंपनी बदलली, प्रीमियम थोडा जास्त पडला तरी.

ब्रोकर घ्या, आयआरडीएआयचं (विमा नियामक) लायसन्स असलेला, त्याचं कमिशन इन्शुरन्स कंपनी देते. पण त्याला आधीच विचारा रात्री फोन कोण उचलणार, आणि त्या माणसाचा नंबर घ्या. जीएसटीचं पण बघा, सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवरचा जीएसटी शून्य झाला म्हणून साहेब म्हणाले आपलाही कमी होईल, ग्रुप पॉलिसीवर तो १८ टक्के तसाच आहे.

दर महिन्याच्या ५ तारखेला जॉइन झालेले, गेलेले, लग्न झालेले आणि बाळ झालेले यांची यादी पाठवायची. आणि इन्शुरन्स कंपनीकडे ठेवलेल्या डिपॉझिटमधे पैसे आहेत ना बघायचं, तो बॅलन्स संपला तर नवीन माणसाचं नाव पॉलिसीत चढतच नाही आणि तुम्हाला कुणी कळवत नाही.

आता सॉफ्टवेअर

ग्रेटएचआर, केका, झोहो, अजून डझनभर आहेत, लहान कंपनीला यातलं कुठलंही चालेल, मी कुणाची वकिली करत नाही. डेमोत त्यांचा डेटा चालवू देऊ नका, तुमचा मागचा एक महिना चालवा, मुद्दाम अवघड महिना. आम्ही फेब्रुवारी दिला. त्यात पीटी ३०० आला का, रात्रपाळीवाला १० ला आत आणि सकाळी ६ ला बाहेर गेला तर त्याचा एक दिवस झाला की दोन अर्धे, हे तिथेच कळतं. एका कंपनीच्या डेमोत आमचे सगळे रात्रपाळीवाले गैरहजर निघाले, सेल्सवाला म्हणाला कस्टमायझेशन करून देऊ, मी चहा पाजून पाठवला.

विचारायचे प्रश्न: लॉगिन मोबाईल नंबर आणि ओटीपीने होतं का (आमचा धडा), स्क्रीन मराठीत दिसते का, पीएफ आणि ईएसआयच्या चलनाच्या फाइल्स थेट निघतात का, आणि उद्या सोडून जायचं असेल तर आमचा सगळा डेटा एक्सेलमधे परत मिळेल का, किती दिवसांत. शेवटच्या प्रश्नाला जो अडखळला तो बाद.

पंचिंग मशीन. फिंगरप्रिंट ऑफिसमधे ठीक, शॉप फ्लोअरला नको, ऑइल आणि कूलंटमधे काम करणाऱ्यांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, सकाळी मशीनसमोर आठ जण बोटं पँटला पुसत उभे. आम्ही चेहऱ्याचं लावलं. लाइट किंवा नेट गेलं तर पंच साठवून ठेवतं का हे विचारून घ्या. मोबाईलवरून जागा बघून पंच करायची सोय सेल्स आणि सर्व्हिसच्या पोरांना द्या, शेडमधल्यांना नको, पत्र्याखाली जीपीएस माणसाला कधी नाल्यात दाखवतं कधी रेल्वे पटरीवर.

लेट मार्कला १५ मिनिटं सूट ठेवा आणि एक सेटिंग हाताने बदलता येईल असं ठेवा. जुलैत ट्रान्सहार्बर लोकल बंद पडते, ठाण्याला माणसं पुलावर उभी असतात, आणि सिस्टीम ४० जणांचा अर्धा दिवस कापते. असं एकदा झालं की त्या ॲपबद्दल वर्षभर कुणी चांगलं बोलत नाही.

मग दोन महिने दोन्हीकडे पगार करा, जुन्या एक्सेलमधे पण आणि नवीनमधे पण. नेट पगाराचा कॉलम समोरासमोर ठेवून वजाबाकी करा, प्रत्येक ओळीत शून्य यायला पाहिजे. आमच्या पहिल्या महिन्यात ११ ओळींत फरक आला, त्यातल्या सात चुका जुन्या एक्सेलच्या निघाल्या, हे मी साहेबांना जरा हळू आवाजात सांगितलं. थकबाकी पुढच्या पगारात दिली.

ते ट्रेंड वगैरे

एआय नी बायोडेटा चाळणं: महिन्याला दोन माणसं घेणाऱ्या कंपनीला गरज नाही. आयटीआयचा फिटर बायोडेटात की-वर्ड लिहीत नाही, त्याचा मामा फोन करतो.

पगाराआधी पगार देणारी ॲप्स: लोकांना आवडतात, पण बहुतेक ठिकाणी फी असते आणि ती महिन्याच्या हिशोबाने धरली तर व्याजच होतं. आम्ही त्याऐवजी १५ तारखेला कामाच्या दिवसांपुरता बिनव्याजी ॲडव्हान्स सुरू केला, पेरोलमधे एक कॉलम वाढला बस.

टॅक्स वाचवणारी फ्लेक्सी पॅकेजेस: २०२५-२६ ला नवीन रिजीममधे पगारदाराला १२,७५,००० पर्यंत टॅक्सच लागत नाही, आमच्याकडे त्यावर मोजून तीन जण. त्यांच्यासाठी कंपनीमार्फत एनपीएस (निवृत्तीसाठीची पेन्शन योजना) ठेवलंय, नवीन रिजीममधे पण बेसिकच्या १४ टक्क्यांपर्यंत वजावट मिळते.

एक सरकारी योजना मात्र बघाच, प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना. १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ मधे जी नवीन भरती होईल त्यावर कंपनीला माणशी महिना ३,००० पर्यंत दोन वर्षं, पहिल्यांदाच नोकरी करणाऱ्याला १५,००० पर्यंत दोन हप्त्यांत. ५० किंवा त्याहून जास्त माणसं असतील तर किमान पाच जण वाढवायला हवेत, त्याखाली दोन. सगळं यूएएन आणि आधारवर चालतं, म्हणजे परत ती पहिली शीट.

आणि चेहऱ्याचा डेटा घेताय तर लेखी संमती घ्या, माणूस गेल्यावर पुसणार कधी ते व्हेंडरकडून लिहून घ्या. डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मधे आले, दंडाची कमाल २५० कोटींपर्यंत आहे.

कॉन्ट्रॅक्टची पोरं

वरच्या ६४ मधे ही नाहीत. आमच्याकडे लोडिंग आणि हाउसकीपिंगला ठेकेदाराची १४ माणसं आहेत, त्याच गेटमधून येतात, त्याच कॅन्टीनमधे जेवतात. ठेकेदार दर महिन्याला बिलासोबत पीएफ-ईएसआयच्या चलनाची झेरॉक्स जोडायचा आणि अकाउंट्सवाले त्यावर शिक्का मारून पैसे सोडायचे. नवीन सॉफ्टवेअरमधे त्यांचे पण पंच यायला लागले तेव्हा मी सहज म्हणून चलनामागची नावांची यादी मागवली आणि आमच्या पंचशी जुळवायला बसले. चलनावर ११ नावं, त्यातले दोघं आमच्याकडे कधी आलेलेच नाहीत. म्हणजे पाच पोरं गेले आठ महिने विमा नसताना ट्रक भरत होती, आणि ठेकेदाराने नाही भरलं तर ईएसआय वसुलीला मूळ मालकाकडे येतं, म्हणजे आमच्याकडेच.

साहेब आधी म्हणाले पुढच्या महिन्यापासून बघू. मी म्हटलं त्या पाचांपैकी एकाचा पाय ट्रकखाली गेला तर आपण काय दाखवणार, झेरॉक्स? बिल थांबवलं. नऊ दिवसांत मागच्या महिन्यांची चलनं भरून आली, व्याजासकट. आता नियम असा केलाय की पंचची यादी आणि चलनाची यादी नाव-नाव जुळली की सिस्टीममधे हिरवी खूण येते आणि त्याशिवाय बिल पुढे सरकत नाही. त्या पाचांची ईएसआयची ई-पहचान कार्डं मी स्वतः प्रिंट काढून, प्लास्टिकमधे घालून दिली, त्यातल्या एकाने विचारलं, "ताई, यावर गावच्या आईचं नाव लागतं का?" ती त्याच्यावरच अवलंबून आहे आणि स्वतःचं काही उत्पन्न नाही, त्यामुळे लागत होतं. तिचा आधार गावाहून व्हॉट्सॲपवर मागवला, फोटो धूसर होता, दुसऱ्यांदा मागवला.